मदत हवी आहे: पोलिसांच्या लेझर गनने (स्पीड मोजायचं मशीन) १०४ दाखवला, गाडी ८० वर होती

वैतागलेला_वॅगनार
काल मेसेज आला, ई-चलान, ओव्हरस्पीड, २००० रुपये. मशीनमध्ये १०४ लागलाय. शक्यच नाही हो, गाडी ८०-८२ च्या वर गेलेलीच नाही, जुनी वॅगनार आहे, शंभरला नेली की डाव्या दाराचं रबर शिट्टी मारतं. हे लेझर गनचं रीडिंग कितपत खरं असतं? चॅलेंज कसं करायचं? पैसे भरायचे नाहीयेत. जरा लवकर सांगा.

भिंगरी
रस्ता कुठला, लिमिट किती, कधीचं चलान, फोटो आहे का? काहीच लिहिलं नाहीये, आम्ही काय कुंडली मांडायची?

सदूभाऊ
भरून मोकळे व्हा. मी एकदा भांडलो होतो, दोन खेपा, दोन रजा, वर झेरॉक्स. माझं तर म्हणणं, दंड वाचवायचा तर गाडी हळू चालवा.

वैतागलेला_वॅगनार
सदूभाऊ, हळूच होती हो!! तेच तर सांगतोय. रस्त्याचं नाव टाकत नाही, तक्रार करायची आहे. लिमिट ८०.

खडखडाट
टार्गेट असतं त्यांना, दुसरं काय. पुलाच्या कडेला तिरके उभे राहतात म्हणून मशीन जास्त दाखवतं. सरळ डिटेक्टर मागवा, पुढे स्पीड गन असली की आधीच ओरडतो, मी मागवलाय.

प्रोफेसर_चष्मा
खडखडाट, दोन्ही चूक. तिरकं उभं राहिलं की स्पीड कमी दिसतो, जास्त नाही. २० अंशाचा कोन असेल तर १०० ची गाडी ९४ दिसते, म्हणजे फायदा ड्रायव्हरचाच. आणि डिटेक्टर रडारसाठी ठीक, लेझरचा झोत इतका अरुंद की तो ओरडेपर्यंत तुमचं माप घेऊन झालेलं असतं. गन डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे सेकंदाला शेकडो ठोके सोडते, प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते आणि अंतर किती भराभर कमी होतंय त्यावरून स्पीड. सगळा खेळ साधारण पाव ते अर्ध्या सेकंदाचा. चूक होऊ शकते ती हात हलला तर. ०.३ सेकंदात झोत नंबर प्लेटवरून काचेकडे मीटरभर घसरला तर १२ किमीचा फरक पडतो. बऱ्याच गन असं काही झालं की एरर देतात, पण तरी. धागाकर्ते, चलानच्या फोटोवर अंतर छापलंय का? बाजूला दुसरी गाडी आहे का?

वैतागलेला_वॅगनार
हो की, ४१२ मीटर लिहिलंय. उजवीकडे एक काळी एसयूव्ही आहे, ओव्हरटेक करतेय. गनचा नेम दाखवणारी लाल फुली दोघांच्या मधोमध, माझ्या उजव्या आरशावर!

प्रोफेसर_चष्मा
हे आधी लिहायचं ना राव. झोत पुढे जाईल तसा पसरतो, ४०० मीटरवर त्याची रुंदी साधारण सव्वा मीटर होते. फुली आरशावर म्हणजे अर्धा झोत तुमच्या गाडीच्या बाहेर, शेजारच्या गाडीवर पण पडू शकतो. इथे भांडायला जागा आहे.

रातराणी
अवांतर: माझ्या ॲक्टिवावर हेल्मेट नसल्याचं चलान आलंय, गाडी पांढरी, फोटोतली काळी. काय करू?

भिंगरी
केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ वाचा, २०२१ चा आहे. मशीनला मान्यतेचं सर्टिफिकेट लागतं, ते दर वर्षी रिन्यू व्हायला हवं आणि नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. ई-चलानच्या पोर्टलवर तक्रार टाका, सर्टिफिकेट मागा, तो फोटो जोडा.

खडखडाट
वैधमापनवाल्यांनी (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) १ जुलै २०२५ पासून स्पीड मशीन तपासून स्टॅम्पिंग सक्तीचं केलंय, ते पण मागा.

प्रोफेसर_चष्मा
ते मायक्रोवेव्ह रडारसाठी आहे, लेझरसाठी नाही. घोटाळा करू नका.

सदूभाऊ
फास्टॅगवरून दोन टोलमधली वेळ काढा की, दूध का दूध.

भिंगरी
सदूभाऊ, मधे मिसळ खायला थांबला असेल तर? सरासरीने त्या क्षणाचा स्पीड कळत नाही. धागाकर्ते, ८०-८२ कशावरून म्हणताय? ८२ पण लिमिटच्या वरच की.

प्रोफेसर_चष्मा
गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो, ८२ म्हणजे खरे ७८ पण असतील. पण काटा बघितला कोणी?

वैतागलेला_वॅगनार
चालवत मेव्हणा होता. मी मागे झोपलो होतो, पण तो हळूच चालवतो.

भिंगरी
😂😂 झोपेत ८२ मोजलेत? फोन लावा आधी मेव्हण्याला.

वैतागलेला_वॅगनार
लावला. म्हणतो त्या काळ्या गाडीने कट मारला म्हणून "थोडी दाबली" होती. थोडी म्हणजे किती विचारलं तर म्हणे दाजी नेटवर्क जातंय. तरीपण फुली आरशावर आहे ते आहेच ना? तक्रार टाकतो, नाहीतर २००० त्याच्याकडून घेतो.

रातराणी
माझ्या ॲक्टिवाचं कुणी सांगितलंच नाही.

सदूभाऊ
भरून टाका.