सौम्यीकरण, उपशमन की उत्सर्जनकपात?

हवामानबदलावरच्या मराठी मजकुरात ‘मिटिगेशन’ला कुणी सौम्यीकरण म्हणतं, कुणी उपशमन. ‘ॲडाप्टेशन’ला मात्र बहुतेक ठिकाणी अनुकूलन. पहिलं म्हणजे तापमानवाढ करणारे वायू हवेत कमी करणं, दुसरं म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड द्यायची तयारी. आमच्या कोरडवाहू गावाच्या आराखड्यासाठी पत्रक लिहितोय. दोन्हींवर खर्च कसा वाटायचा हे त्यात यायचं आहे. कोणते शब्द घ्यावेत?

प्रतिसाद १
सौम्यीकरण नकोच. तो शब्द आपत्ती व्यवस्थापनाने आधीच घेतलाय. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात त्याचा अर्थ आपत्तीचा धोका किंवा परिणाम कमी करणं असा आहे. कोकणातले धूपप्रतिबंधक बंधारे, वीज अटकाव यंत्रणा ही कामं आपत्ती सौम्यीकरणात धरतात, आणि हवामानाच्या परिभाषेत तीच अनुकूलनात मोडतात! म्हणजे ‘सौम्यीकरणावर इतका खर्च’ असं वाचून कर्ब उत्सर्जन घटलं असं कुणी समजलं, तर साफ गैरसमज.

उपशमनही पटत नाही. आयुर्वेदात दोष बाहेर काढणं ते शोधन. जागच्या जागी शांत करणं ते शमन. इथे तर मूळ कारणालाच हात घालायचा आहे. सरळ ‘उत्सर्जनकपात’ लिहा.

प्रतिसाद २
कपात एवढ्याने भागत नाही. कांदळवनं चिखलात कार्बन धरून ठेवतात, तेही मिटिगेशनच. ‘उत्सर्जनकपात व कार्बनसाठवण’ असं लिहावं, लांबलं तरी चालेल. तीच कांदळवनं लाटांचा जोर मोडतात, म्हणजे अनुकूलनही झालं. तेव्हा खर्चाचे दोन रकाने करा, पहिला कपात-साठवणीचा, दुसरा अनुकूलनाचा, पण प्रत्येक काम दोन्हींत तपासा. सौरपंपाने डिझेल वाचतं. पण वीजबिल नाही म्हणून दिवसभर बोअर उपसली, तर दुष्काळात प्यायलाही पाणी उरत नाही. पहिल्या रकान्यात जमा, दुसऱ्यात वजा. भातखाचरातलं पाणी मधूनमधून आटू दिलं तर मिथेन घटतो आणि पाणीही वाचतं, दोन्हीकडे जमा.

प्रतिसाद ३
‘अनुकूलन’ म्हटलं की शाळेतला उंट आठवतो. त्याचं पिढ्यान्‌पिढ्या आपोआप घडलं, आपल्याला ठरवून करायचंय. ‘जुळवून घेणं’ म्हणावं तर त्यात मुकाट सोसण्याची छटा येते. मी ‘तजवीज’ सुचवेन: रुंद वरंबा सरीवर सोयाबीन, शेततळं, चाऱ्याची बेगमी.

वाटणीचं म्हणाल तर मुंबईने २०२२ च्या हवामान आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (जेवढं सोडलं तेवढं शोषलं जाण्याचं) उद्दिष्ट ठेवलं, ते योग्यच. एवढी वीज आणि इंधन जाळणाऱ्या शहराने कपात करायलाच हवी. कोरडवाहू गावाचं उत्सर्जन ते किती! तुमच्या पत्रकात पहिला पैसा तजविजीलाच ठेवा, आणि सौरपंपासोबत ठिबकची अट घाला.