ब्लँकेटवर उभं राहून
सरकारी कर्मचाऱ्यांना मूळ रहिवाशांचा इतिहास शिकवणं हा नुसता सोपस्कार आहे, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ आवाहनांपैकी ५७वं नेमकं याचसाठी आहे: मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळा, करार, हक्क, सगळं शिकवा.

या प्रशिक्षणातले ऑनलाइन धडे सरकारी कर्मचारी म्हणून मीही भराभर उरकले. पण ब्लँकेटवालं सत्र विसरता येत नाही. जमिनीवर पसरलेली ब्लँकेटं म्हणजे मूळ रहिवाशांची भूमी, आणि त्यांवर उभे आम्ही म्हणजे ते लोक. इतिहास वाचला जातो तशा ब्लँकेटांच्या घड्या पडत जातात. कुणी देवीच्या साथीत जातं, कुणाचं मूल शाळेत ओढून नेलं जातं. शेवटी आम्ही चौघं चतकोर तुकड्यावर अंग चोरून उभे होतो. त्यानंतर कचेरीत माझ्या खिडकीवर आलेल्या मूळ रहिवासी आजींना ‘जन्मदाखला कुठे आहे?’ एवढंच विचारणं मला जमेना.