शनिवारी शाळेत सिनेमा दाखवायचाय, पाठाच्या टाचणात काय लिहू? (मदत हवी आहे)

सुरंगी:
नमस्कार. परवा मुलांना 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवायचाय. मुख्याध्यापक म्हणतात, आधी टाचणात लिहा अभ्यासक्रमात कुठे बसतं ते, मग प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली. आज रात्रीपर्यंत हवंय. "शोधा म्हणजे सापडेल" असं कुणी लिहू नका, शोधून झालंय.

खाडीकाठचा:
इयत्ता? विषय? मुलं किती?

रातांबा:
आमच्या चिरंजीवांच्या शाळेत दाखवला होता एक सिनेमा. मागची पोरं झोपली आणि सर मोबाइलवर. त्यापेक्षा त्या वेळात एक सराव पेपर सोडवून घ्या.

सुरंगी:
दहावी, इतिहास. दादासाहेब फाळक्यांवरचा सिनेमा म्हटल्यावर आणखी कुठला विषय असणार? मुलं ४१. दोन तासिका जोडून ७० मिनिटं मिळाली आहेत.

जांभा:
सिनेमा दीड तासाच्या वर आहे, बाई. ७० मिनिटांत कसा बसवणार?

खाडीकाठचा:
हे आधीच सांगायचं ना. दहावीच्या पुस्तकात पाठ ५ 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास', पाठ ६ 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास'. घटक म्हणून दोन्ही लिहा. उद्दिष्टात "चित्रपट पाहणे" लिहू नका, कुणीही नाकारेल. "माध्यमांतून मिळणारी माहिती पारखून घेणे" लिहा. पाठ ५ मध्ये 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून छापलेल्या बनावट डायऱ्यांची गोष्ट आहे, तिचा उल्लेख करा. सिनेमा अख्खा नको, २० मिनिटं पुरे.

कुळागर:
तुकडे दाखवायला माझा विरोध. जेवण म्हणून नुसती आमटी वाढाल का? शनिवारी सकाळची शाळा, सुटल्यावर थांबवा अर्धा तास.

सुरंगी:
निम्मी मुलं एसटीने येतात. ती गाडी चुकली की पुढची थेट दुपारी. नाही थांबवता येत.

वकीलसाहेब:
कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी हवीत. हौसेने अख्ख्या वाडीला बोलावू नका. बाकी, तुमची प्रत कुठून आली?

सुरंगी:
भावाने दिली पेनड्राइव्हवर.

वकीलसाहेब:
हं.

जांभा:
मग त्या भानगडीत पडूच नका. फाळक्यांचा मूळ 'राजा हरिश्चंद्र'च दाखवा की! मूकपट आहे, स्पीकर नको. १९१३ चा, म्हणजे हक्कांची मुदतही कधीच संपलेली. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलंय, त्यामुळे वेळेतही बसतं.

खाडीकाठचा:
थांबा, इथेच खरी गंमत आहे. उरलेली ती रिळं १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. नेटवर मात्र बिनदिक्कत '१९१३' लिहिलेलं असतं. सुरंगीताई, मुलांना आधी क्लिप दाखवा, मग विचारा, "हे १९१३ चं आहे कशावरून?" पाठ ५ तिथेच शिकवून होतो.

जांभा:
आता तुम्ही माझंच सांगणं खोडताय.

खाडीकाठचा:
खोडत नाही, वापरतोय.

रातांबा:
तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं ना? हॉटेलात कामाला होते म्हणे. आमच्या दशावतारात अजूनही पुरुषच लुगडं नेसतो, आणि काय नेसतो! रात्रभर नाटक चाललेलं, गॅसबत्ती, पहाटे दहीकाल्याचा...

कुळागर:
रातांबा, धागा शाळेचा आहे. सकाळी सराव पेपर सोडवायला सांगत होतात ना?

सुरंगी:
दशावताराचं घेते, मुलं लगेच बोलायला लागतील. पण दुसरी अडचण आहे. गेल्या वेळी पडद्यावर काही दिसलंच नाही.

खाडीकाठचा:
प्रोजेक्टर किती ल्युमेन्सचा, म्हणजे उजेड किती पाडतो? आणि वर्गात काळोख किती?

सुरंगी:
ल्युमेन्स ठाऊक नाही. कौलारू वर्ग, मधोमध काचेची दोन कौलं. अकरा वाजता ऊन बरोबर फळ्यावर येतं.

गजालीकार:
अगो बाय, काळोख केल्याशिवाय काय दिसतला, कपाळ? आमी खिडक्यांका भाताची पोती लावलव आणि काचेच्या कौलार काळी ताडपत्री.

खाडीकाठचा:
पहिल्या तासिकेला घ्या, ऊन कौलावर यायच्या आत. आणि शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. यंदाच्या पावसात आमच्या ग्रुपवर चिपळूणच्या पुराचा व्हिडिओ "आत्ताचा" म्हणून आला. होता २२ जुलै २०२१ चा. आमच्या मुलीने ओळखला, कारण त्यातल्या दुकानाला जुनी निळी पाटी होती, ती पुरात गेली आणि नवी लाल लावलीय. असा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा आणि तारीख कशावरून ठरवाल ते विचारा.

सागरतीर:
गुहागरला कुणी येणार असेल तर आमच्याकडे घरगुती राहण्याची सोय आहे, उकडीचे मोदक सांगितल्यास मिळतील.

सुरंगी:
टाचण लिहिलं, किल्ली मिळाली. कपाट उघडलं तर एचडीएमआय केबल हातभर लांबीची. शृंगारतळीच्या आसपास कुणाकडे दहा मीटरची आहे का? परत करीन.

जांभा:
माझ्याकडे आहे. उद्या संध्याकाळी पाचला एसटी स्टँडवर या. आणि रिळं १९१३ चीच आहेत.