शब्दचर्चा : पिक्सेल आर्ट स्पर्धेचे 'नियम व अटी', 'निकष' आणि 'संकेत'

धागा

आम्ही काही हौशी मंडळी दर महिन्याला पिक्सेल आर्टची, म्हणजे पडद्यावरचे ठिपके (पिक्सेल) एकेक ठेवून केलेल्या चित्रांची, छोटी स्पर्धा घेतो. बक्षीस काही नसतं, जिंकणाऱ्याने पुढच्या महिन्याचा विषय द्यायचा एवढंच. आतापर्यंत नियम तोंडी चालत आले. आता ते नीट मराठीत लिहून काढायचं ठरलंय आणि मी पहिल्याच ओळीला अडले. सगळीकडे 'नियम व अटी' असं एकत्र दिसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, की नुसता जोडीने यायची सवय लागलेला शब्द? 'निकष' त्यातच लिहायचे की वेगळे? आणि स्पर्धा 'फेअर' असावी म्हणताना न्याय्य, रास्त, वाजवी, निःपक्षपाती यांपैकी काय लिहावं?

कच्चा मसुदा असा आहे :

'चित्र ६४ बाय ६४ असावे. १६ रंग वापरावेत. शक्यतो स्वतःची कल्पना असावी. पिक्सेल हाताने ठेवलेले असावेत. रेषा स्वच्छ असाव्यात. प्रवेशिका ३० तारखेपर्यंत पाठवाव्यात. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.'

मागच्या वेळी '१६ रंग' आणि 'हाताने' या दोन शब्दांवरून चांगलाच वाद झाला होता.

प्रतिसाद

वाद होणारच होता, कारण या सात वाक्यांत वेगवेगळ्या जातींची वाक्यं एकाच रांगेत उभी आहेत.

कुठला शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर येतो ते पाहिलं की फरक लगेच दिसतो. अट आपण घालतो, मान्य करतो, पूर्ण करतो. नियम करतो, पाळतो, मोडतो. निकष लावतो, आणि एखादी गोष्ट निकषावर उतरते किंवा उतरत नाही. संकेत रूढ असतो. 'एका अटीवर येईन' असं आपण म्हणतो, 'एका नियमावर येईन' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे अट ही आत येण्याआधीची गोष्ट आणि नियम हा आत आल्यावरच्या वागणुकीचा. निकषाचं काम त्याच्याही पुढचं. निकष म्हणजे मूळ संस्कृतात सोन्याचा कस पाहायचा दगड. तो सोनं किती कसाचं आहे ते सांगतो, सोनं घेऊन आत येणाऱ्याला दारात अडवत नाही.

आता तुमचा मसुदा. '६४ बाय ६४' ही अट. 'दुसऱ्याचं चित्र गिरवू नये' असं काही लिहिलंत तर तो नियम. 'रेषा स्वच्छ असाव्यात' हा निकष, आणि तो अटींच्या रांगेत बसल्यामुळे घोटाळा होतो. एखादीची तिरकी रेषा दातेरी आली, तर ती स्पर्धेतून बाद की तिचे गुण कमी? वाक्यावरून कळत नाही. आडव्या पायऱ्या २-२-२-२ पिक्सेलच्या अशा सरळ उतरायच्या सोडून २-१-३-१ अशा वेड्यावाकड्या उतरल्या की रेष दातेरी दिसते. हे कसबाचं काम आहे, त्याबद्दल कुणाला दारातून परत पाठवणं बरोबर नाही.

मराठीत यासाठी दोन माणसंही वेगळी आहेत : पंच आणि परीक्षक. अटी आणि नियम पंचाने पाहायचे, निकष परीक्षकाने लावायचे. पंचाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. परीक्षकाचं उत्तर कमी-जास्त असतं. छोट्या गटात दोन्ही कामं एकच माणूस करत असेल तर हरकत नाही, पण मसुद्यात ती वेगळ्या परिच्छेदांत हवीत. माझ्या मते तुमच्या सगळ्या वादांचं मूळ इथेच आहे : पंचाच्या कामात परीक्षकाची मतं शिरतात.

प्रतिसाद

व्याकरणाचा एक मुद्दा. 'असावे', 'वापरावेत' ही विध्यर्थी रूपं आहेत. ती इच्छा सांगतात, सल्ला देतात आणि आज्ञाही करतात. 'सकाळी लवकर उठावे' हा सल्ला, 'कार्यालयात वेळेवर हजर राहावे' ही आज्ञा, रूप मात्र एकच. अटींच्या वाक्यांत हे रूप टाळा. 'चित्र ६४ बाय ६४ पिक्सेलचेच असले पाहिजे', 'यापेक्षा मोठे चित्र स्वीकारले जाणार नाही' असं थेट लिहा. सल्ल्याच्या वाक्यांत 'असावे' खुशाल ठेवा.

आणि 'शक्यतो' काढाच. 'शक्यतो स्वतःची कल्पना' याचा अर्थ शक्य नसेल तर दुसऱ्याची चालेल असाच होतो.

प्रतिसाद

'१६ रंग' यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

मराठीत रंग आणि छटा हे वेगळे शब्द आहेत. आकाशी आणि गडद निळा हे दोन रंग, की निळ्याच्या दोन छटा? साडीच्या दुकानात दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. पिक्सेल आर्टमध्ये मात्र फाइलमधली प्रत्येक वेगळी नोंद हा स्वतंत्र रंग धरतात. जिने मराठी अर्थाने सोळा रंग घेतले आणि प्रत्येकाच्या तीन-तीन छटा केल्या, तिची गल्लत प्रामाणिक आहे. शब्दानेच तिला तसं सांगितलं. १९८९ च्या मूळ गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्राच्या पडद्यावर एकाच हिरवट रंगाच्या चार छटा दिसायच्या, पण पॅलेट, म्हणजे वापरायच्या रंगांचा संच, म्हणताना आपण त्याला चार रंगांचं पॅलेट म्हणतो. तेव्हा अटीतच लिहून टाका : 'प्रत्येक छटा स्वतंत्र रंग म्हणून मोजली जाईल.'

दुसरी अडचण पारदर्शक भागाची. तो रंग धरायचा का? गेम बॉयच्या हलणाऱ्या आकृत्यांमध्ये एक जागा पारदर्शकतेसाठी जायची, म्हणून हाताशी तीनच छटा उरायच्या. निन्टेंडो कंपनीच्या जुन्या आठ बिटी खेळयंत्रावरही तसंच : तीन रंग आणि चौथा पारदर्शक. त्या परंपरेने चालणारा माणूस पारदर्शक भाग मोजतो, बाकीचे मोजत नाहीत. दोन्ही पद्धती चालतील, पण कुठली ते आधी सांगायला हवं.

तिसरी अडचण सगळ्यांत त्रासाची. चित्र सोळा रंगांतच केलेलं असतं, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून येतं तेव्हा जेपेग या दाबून लहान केलेल्या फाइलप्रकारात बदललेलं असतं. जेपेग चित्राचे आठ बाय आठचे तुकडे पाडून दाबतो आणि कडांच्या आजूबाजूला नसलेल्या छटांची धूळ उडते. मोजायला जावं तर शेकड्यांनी रंग निघतात. करणारीने अट पाळलेली असते, पंचाच्या हातात अट मोडलेली फाइल असते. म्हणून 'पीएनजी किंवा जिफ, मूळ आकारात, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली' हे वाक्य अटीत हवं. दाखवण्यापुरतं मोठं करायचं असेल तर पूर्ण पटीतच, म्हणजे दुप्पट, चौपट, आणि कडा मऊ न करता. दीडपट केलं की काही पिक्सेल रुंद आणि काही अरुंद होतात.

'१६ रंग' म्हणजे बरोबर सोळा की सोळापर्यंत, हेही राहिलंच. 'जास्तीत जास्त १६' लिहा. चार रंगांत उत्तम चित्र करणाऱ्याला बारा रंग उगाच भरायला लावू नये.

धागाकर्ती

छटेचं अगदी पटलं, आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. एक विचारायचंय. पुढच्या महिन्याच्या विषयात कुणीतरी 'झेडएक्स स्पेक्ट्रमच्या धर्तीवर' असं सुचवलंय (स्पेक्ट्रम म्हणजे ऐंशीच्या दशकातला एक घरगुती संगणक). 'धर्तीवर' चालेल का?

प्रतिसाद

'धर्तीवर' म्हणजे त्या वळणाचं, त्या पद्धतीचं. तिथे कुणालाच बाद करता येत नाही. यंत्राच्या तांत्रिक बंधनात राहून काम हवं असेल तर 'मर्यादेत' म्हणा आणि मर्यादा लिहून द्या. १९८२ च्या स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ चा आणि दर आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग. हिरव्या झाडासमोरून लाल टोपीवाला गेला की झाडाचा तुकडा लाल व्हायचा, इतकी ती मर्यादा कडक होती. 'धर्तीवर' म्हटलंत तर कुणी नुसते भडक रंग वापरून चित्र पाठवेल आणि ते योग्यच असेल.

प्रतिसाद

मला 'हाताने'वर बोलायचंय. सगळेच माउसने नाहीतर पेनने काढतात, मग हाताने म्हणजे काय? आणि एआयने काढून घेतलेलं चित्र हाताने सोळा रंगांत उतरवलं तर? ही अट तपासता येत नाही, म्हणून ती काढून टाकावी असं माझं मत. विश्वासावर चालू द्या.

प्रतिसाद

काढून टाकू नका, शब्द बदला. पिक्सेल आर्ट म्हणजे प्रत्येक पिक्सेलबद्दल कुणीतरी निर्णय घेतलेला असणं. फोटो आकसून लहान केला तर पिक्सेल मोठे दिसतात, पण निर्णय कुणीच घेतलेला नसतो. 'हाताने' या शब्दातून हे पोचत नाही. 'चित्रातील पिक्सेल स्पर्धकाने स्वतः ठेवलेले असले पाहिजेत; फोटो लहान करून, फिल्टर लावून किंवा एआयकडून काढून घेतलेले चित्र चालणार नाही' असं उलगडून लिहा.

तपासायचं कसं, याचं उत्तर युरोपातल्या डेमोसीनने फार आधी शोधून ठेवलंय. संगणकावर चित्र-संगीत-प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा घेणारी ही हौशी मंडळींचीच चळवळ. फिनलंडमधला 'असेम्ब्ली' हा त्यांचा मेळावा १९९२ पासून चालू आहे. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. नव्वदच्या दशकात तिथेही हेच भांडण पेटलं होतं. बोरिस व्हॅलेहोसारख्या चित्रकारांची चित्रं पिक्सेलमध्ये उतरवून लोक स्पर्धेत ठेवायचे. काही जण खरंच एकेक पिक्सेल ठेवून नक्कल करायचे, काही सरळ स्कॅन करून वरून डागडुजी करायचे. शेवटचं चित्र पाहून फरक कळायचा नाही. त्यातून चित्राबरोबर कामाचे टप्पे मागायची पद्धत रुजली : पहिलं रेखाटन, ढोबळ रंग, मधली अवस्था, शेवटचं चित्र. तुम्हीही टप्पे मागा. तपासता न येणारी गोष्ट त्यामुळे बऱ्याच अंशी तपासता येते. शिवाय नव्या लोकांना ते टप्पे पाहून शिकायला मिळतं, हा माझ्या मते त्याहून मोठा फायदा.

इथे मराठीत शब्दांची चंगळ आहे, तिचा उपयोग करून घ्या. संदर्भ घेणं, म्हणजे घोडा कसा धावतो ते फोटोत पाहणं. गिरवणं, म्हणजे रेषेवरून रेष ओढणं. नक्कल, म्हणजे समोर ठेवून तसंच काढणं. आणि वाङ्मयचौर्याच्या चालीवर चित्रचौर्य. शाळेत अक्षर गिरवूनच आपण शिकलो, त्यामुळे 'गिरवणं' या शब्दाला वाईट वास नाही, ते सरावासाठी छानच आहे. पण स्पर्धेसाठी नियम करा : संदर्भ चालेल आणि तो सांगायचा, गिरवलेलं आणि नक्कल केलेलं चालणार नाही.

प्रतिसाद

'३० तारखेपर्यंत' यात ३० धरायची का? बोलताना आपण धरतो, तरी शंका काढणारे काढतातच. सरकारी मराठीत 'अखेर' म्हणतात : '३० तारखेअखेर'. आणि 'रात्री बारापर्यंत' लिहू नका, रविवारची रात्र बारा वाजता संपली की सोमवार सुरू झाला यावर एकमत होत नाही. '२३:५९, भारतीय प्रमाणवेळ' लिहा. परदेशातले मराठी लोक भाग घेत असतील तर प्रमाणवेळेचं नाव लागतंच. आणि फेब्रुवारीत ३० तारीख नसते, तेव्हा 'महिन्याच्या अखेरच्या दिवशी' हे बरं.

प्रतिसाद

'फेअर'चं राहिलं. निःपक्षपाती माणूस असतो, म्हणजे पंच आणि परीक्षक. रास्त आणि वाजवी हे मागणी, भाव, अपेक्षा यांच्यासाठी : 'मुदत वाजवी आहे'. निर्णय आणि पद्धत न्याय्य असते. तेव्हा 'न्याय्य नियम, वाजवी अटी, निःपक्षपाती परीक्षक' असं तिन्ही आपापल्या जागी वापरता येईल.

'सर्वांना समान नियम' यातलं 'समान' मात्र जपून. 'हौशी' म्हणजे पोटापाण्यासाठी न करणारा. तो पंधरा वर्षं काढत असेल. 'नवोदित' म्हणजे नुकता सुरुवात केलेला. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि मग नवोदितांच्या गटात मुरलेले हौशी येतात. नवोदितांसाठी वेगळा गट करणार असाल तर कोणाला नवोदित म्हणायचं तेही लिहा, उदाहरणार्थ 'या स्पर्धेत आधी न जिंकलेले'.

दर महिन्याच्या स्पर्धेत आणखी एका शब्दाकडे लक्ष ठेवा : पायंडा. एकदाच होणाऱ्या स्पर्धेत दिलेली सूट तिथेच संपते. दर महिन्याच्या स्पर्धेत तिचा पायंडा पडतो. एकीला दोन दिवस उशिरा चित्र घेतलंत की पुढच्या महिन्यात दुसरा तेच मागतो आणि त्याची मागणी रास्तच असते. सूट द्यायचीच असेल तर सर्वांना द्या आणि पुढच्या महिन्यापासून द्या. चालू महिन्यात नियम बदलायचा नाही, हा पहिला नियम करा.

विजेत्याने विषय द्यायचा, हा तुमचा शिरस्ता आहे. तो मला फार आवडला. पण त्याने त्या महिन्यात भाग घ्यायचा का? विषय त्याला आधी माहीत असतो. भाग घ्यावा, पण तो विषय जाहीर होण्याच्या दिवशीच त्याने ठरवावा, असं सुचवेन.

प्रतिसाद

'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' हे रांगोळीपासून एकांकिकेपर्यंत प्रत्येक पत्रकाच्या तळाशी असतं. पण निर्णय म्हणजे कशाबद्दलचा? २०२२ साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा बरीच उलटसुलट चर्चा झाली. क्रम लावण्याबरोबर बक्षीस रोखण्याचाही अधिकार 'निर्णय' या शब्दात येतो का, ते आधीच लिहिलेलं बरं. तुमच्याकडे एकाच महिन्यात दोनच चित्रं आली तर काय करणार, हा प्रश्न कधीतरी येणारच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला मसुदा असा :

'अटी : चित्र ६४ बाय ६४ पिक्सेलचेच असले पाहिजे. जास्तीत जास्त १६ रंग. प्रत्येक छटा स्वतंत्र रंग म्हणून मोजली जाईल, पारदर्शक भाग मोजला जाणार नाही. पीएनजी किंवा जिफ फाइल मूळ आकारात, डॉक्युमेंट म्हणून पाठवली पाहिजे. सोबत कामाचे किमान तीन टप्पे जोडले पाहिजेत. प्रवेशिका महिन्याच्या अखेरच्या दिवशी २३:५९ पर्यंत, भारतीय प्रमाणवेळेनुसार, पोचली पाहिजे.

नियम : पिक्सेल स्पर्धकाने स्वतः ठेवलेले असले पाहिजेत, फोटो लहान केलेले, फिल्टर लावलेले किंवा एआयकडून काढून घेतलेले चित्र स्वीकारले जाणार नाही. संदर्भ घेतल्यास तो सांगितला पाहिजे. गिरवलेले किंवा नक्कल केलेले चित्र चालणार नाही. चालू महिन्यात कोणताही नियम किंवा अट बदलली जाणार नाही.

निकष : विषयाची जाण, लहान आकारातही आकृती ओळखू येणे, रेषांची सफाई, रंगांची निवड. गुण यांवरच दिले जातील. यांपैकी कशावरूनही चित्र बाद होणार नाही.

परीक्षकांचा क्रमाबद्दलचा निर्णय अंतिम राहील. आलेल्या चित्रांतून विजेता निवडलाच जाईल.'

एका अटीबद्दल अजून विचारायचंय. चित्र हलतं असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये १६ रंग की सगळ्या फ्रेम मिळून १६?

प्रतिसाद

सगळ्या फ्रेम मिळून. जिफमध्ये प्रत्येक फ्रेमला स्वतःचं वेगळं पॅलेट ठेवता येतं, त्यामुळे 'सर्व फ्रेम मिळून' हे तीन शब्द नसतील तर कुणीतरी आठ फ्रेममध्ये मिळून शंभरावर रंग वापरेल आणि अट त्याच्या बाजूने असेल.