स्कायडायव्हिंगसाठी पहिलं स्वतःचं हेल्मेट घ्यायचंय, बजेट कमी आहे. काय घेऊ?

झेपावणारी:
नमस्कार मंडळी. एएफएफ (इन्स्ट्रक्टर सोबत उडी मारून शिकवतात तो कोर्स) पार पडलं, आता ए लायसन्सच्या, म्हणजे पहिल्या परवान्याच्या, २५ उड्यांकडे वाटचाल चालू आहे. शाळेच्या हेल्मेटला मात्र वैतागलेय. एक तर सैल. हनुवटीचा पट्टा कितीही आवळला तरी दारातून बाहेर पडलं की वाऱ्याने मागे सरकतं. दुसरं म्हणजे अस्तराला माझ्याआधीच्या तमाम जनतेच्या घामाचा वास.
तर अटी अशा: चष्मा आहे, लेन्स लावत नाही. ऑडिबल (ठरलेल्या उंचीला कानाशी वाजणारं यंत्र) पुढेमागे घेईन, त्याला कानाजवळ जागा हवी. कॅमेरा नको. बजेट नव्या फुल-फेसच्या (पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटच्या) निम्मं. निम्मं म्हणजे निम्मंच.

गरुडनजर:
कुकी कंपनीचं जी४ फुल-फेस घ्या. विषय संपला. मी तेच वापरतो. ग्लोव्ह घातलेल्या हाताने व्हायझर उघडतो, आवाज कमी, दिसतंही झकास. डोक्यावर एकदाच काय तो खर्च करायचा.

झेपावणारी:
दादा, निम्मं.

गरुडनजर:
मग थांबा, पैसे साठवा आणि जी४ घ्या.

जुना_खोंड:
आमच्या वेळी चामड्याची टोपी घालून उड्या मारल्या, अजून जिवंत आहे. आता उडी कमी आणि सामानाची चर्चाच जास्त. उघडायचं असतं ते पॅराशूट, हेल्मेट नव्हे!

दोरीवाला:
काका, पॅराशूट उघडलं नाही तर हेल्मेट वाचवेल असं म्हणतंय कोण? डोकं आपटतं ते विमानाच्या दारावर. गटात उडताना कुणाचा गुडघा लागतो. उतरताना पाय अडखळून माणूस लोळतो. हेल्मेट त्यासाठी. आणि ताशी १९० किलोमीटरने दोघं एकत्र पडत असले तरी एकमेकांच्या मानाने वेग थोडाच असतो, त्यामुळे अशा धक्क्यात त्याचा उपयोग नक्की होतो.

वेगवान_बाळू:
घरी मोटरसायकलचं फुल-फेस असेल ना? ते सगळ्यात दणकट. फुकटात काम.

दोरीवाला:
बाळूशेठ, कृपा करा. ते जड असतं, पॅराशूट झटक्यात उघडलं की सगळा भार मानेवर येतो. हनुवटीपाशी इतकं जाड की मान खाली घातली तरी कटअवे (बिघडलेलं पॅराशूट सोडून द्यायचं) आणि रिझर्व्हची (राखीव पॅराशूटची) हँडलं दिसत नाहीत. गडबड झाली की पहिल्यांदा तीच बघायची असतात. बाजूचं दिसत नाही, बाजूने येणारा माणूस कळत नाही. सायकलचं तर नावही काढू नका, त्याच्या भोकांत आणि मागच्या टोकांत पॅराशूटच्या दोऱ्या अडकायची भीती. स्कायडायव्हिंगचं हेल्मेट गुळगुळीत असतं ते उगाच नाही.

वेगवान_बाळू:
बरं बरं. सुचवलं आपलं.

चष्मिश_नं१:
ताई, मीही चष्मेवाला, त्यामुळे हे नीट वाचा. इंटरनेटवर फोटो बघून मागवू नका. आधी टेप घ्या, भुवयांच्या जरा वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून घेर मोजा. दोन साइझच्या मधे आलात तर लहान घालून बघा, अस्तर वापरून दबतं. मग हेल्मेट चढवा आणि चष्मा नंतर सरकवा. काड्या अस्तर आणि कानशिलाच्या मधे जातात तिथेच खरी परीक्षा असते. दुकानात दोन मिनिटं छान वाटतं. विमानात बसून वर जाईपर्यंत काडी कानामागे रुतायला लागते आणि दार उघडतं तेव्हा डोक्यात उडीऐवजी तेवढंच असतं. म्हणून तिथेच वीसेक मिनिटं घालून बसा, दुकानदार काय म्हणेल ते म्हणो. शेवटी पट्टा लावून कुणाला तरी मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढायला सांगा. डोळ्यांवर आलं तर नको.
ओपन-फेस घेतलंत तर चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल मिळतात. माझं काम त्यावर वर्षानुवर्षं चाललंय.

गरुडनजर:
ओपन-फेसमध्ये गाल फडफडतात, फोटो भयंकर येतात. आणि थंडी? जमिनीपासून ४००० मीटरवर सहज पंचवीसेक अंशांचा फरक पडतो. फुल-फेसच.

चष्मिश_नं१:
फोटोसाठी उडी मारायची तर मग बोलणंच खुंटलं.

शिकवणारा_मास्तर:
फुल-फेस घेण्याआधी शाळेला विचारलंत का? बऱ्याच ठिकाणी लायसन्स होईपर्यंत वापरू देत नाहीत. कारण साधं आहे, आम्हाला विद्यार्थ्याचा चेहरा बघायचा असतो. डोळे बघून कळतं माणूस भानावर आहे की नाही. पॅराशूट उघडल्यावर रेडिओवरच्या सूचनाही स्पष्ट ऐकू यायला हव्यात. शिवाय व्हायझरवर धुकं धरतं, उष्ण श्वास गार व्हायझरवर बसतो. म्हणून अनुभवी लोक दार उघडेपर्यंत व्हायझर वर ठेवतात. नवख्या माणसाला त्या क्षणी आठवायला आणखी एक गोष्ट कशाला?
बाकी विमानात हेल्मेट मांडीवर ठेवू नका. टेकऑफला पट्टा लावून डोक्यावरच. सुटं हेल्मेट आदळलं तर दुसऱ्याचं डोकं फोडतं.

डोंगरवारा:
मी पॅराग्लायडर आहे. आमच्याकडे ईएन ९६६ मानकाशिवाय हेल्मेट घालतच नाही. तुम्ही लोक प्रमाणपत्र नसलेल्या सुंदर कवट्या महागात घेता, याची मौज वाटते.

गरुडनजर:
जी४ फ्रान्सच्या एक्सपी एस ७२-६०० मानकात बसतं. ते खास स्कायडायव्हिंगसाठीचं आहे. तुमचं पॅराग्लायडिंगचं.

डोंगरवारा:
एक मॉडेल बसतं म्हणून बाकीच्यांचं पाप धुतलं जात नाही. तुमच्याकडच्या कितीतरी हेल्मेटना आघाताची चाचणीच झालेली नसते, आत नुसता मऊ फोम.

दोरीवाला:
हे दोघांचंही खरं आहे. पण पॅराग्लायडिंगच्या काही हेल्मेटना मागे निमुळतं टोक असतं, ते आमच्याकडे दोऱ्या पकडणार. ताई, नवं घेताना मानकाचं लेबल आतून वाचा, एवढं लक्षात ठेवा.

कॅमेरावाला_पक्या:
कॅमेरा नको म्हणता, पण उद्या वाटेलच. आत्ताच वरच्या भागाला सपाट जागा असलेलं घ्या. माझं टॉनफ्लाय बघून लोक थांबवून विचारतात.

शिकवणारा_मास्तर:
पक्या, यूएसपीए (अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना) कॅमेऱ्यासाठी निदान २०० उड्या सुचवते. त्यांना आधी सरळ उतरू दे.

कॅमेरावाला_पक्या:
सुचवते, सक्ती नाही. मी कुठे काय म्हणालो?

शिकवणारा_मास्तर:
म्हणालास ते वर आहे.

दुसऱ्या_हाताचा_राजा:
निम्म्या बजेटात वापरलेलं फुल-फेसच बसतं. सगळे नवं नवं काय करताय? माझ्या ओळखीच्या एकाचं आहे, ५८ साइझ, ऑडिबलची खोबण दोन्ही बाजूंना. बघताना अस्तर उपसून काढा आणि कवचाला आतून बोट फिरवा. बारीक चीर नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. पांढरा कडक फोम असेल आणि तो कुठे चेपलेला असेल तर हात जोडून परत द्या, तो एका दणक्याचाच धनी असतो. व्हायझरच्या बिजागऱ्या हलवून बघा. व्हायझर ओरखडलेला असला तर घाबरू नका, तो सुटा मिळतो.

सुटलेलं_बटण:
बिजागऱ्यांबद्दल +१००. माझ्या नव्याकोऱ्या हेल्मेटचा (नाव घेत नाही) व्हायझर दारातच उडून गेला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) धूसर. कंपनी म्हणाली, तुम्ही नीट बसवला नसेल. अजून डोकं फिरतं.

निळाईची_आई:
मला यातलं काही कळत नाही, माझी मुलगी उडते. रंग भडक घ्या बाई. खाली उभं राहून कोण कुठलं ते ओळखता तरी येतं.

झेपावणारी:
सगळ्यांचे आभार. निर्णय झालाय, आणि शिव्या पडणार हे माहीत आहे.
चष्मिश यांनी सांगितलं तसं दुकानात बसून राहिले. जी४ची डावी काडी कानावर रुतली. राजांच्या ओळखीतलं ५८ मला सैल, माझा घेर ५५ भरला. मग शाळेत विचारलं तर कपाटात मागे एक लहान साइझचं ओपन-फेस पडलं होतं, कुणी वापरतच नव्हतं! ओढून बघितलं, हलत नाही. अस्तर निघतं, धुऊन वाळत घातलंय. लायसन्स होईपर्यंत हेच वापरणार. पैशांतून ऑडिबल घेतलं, ते याच्या खोबणीत बसतं.

गरुडनजर:
भाड्याच्या हेल्मेटात स्वतःचं ऑडिबल? धन्य.

शिकवणारा_मास्तर:
हेल्मेटचं ठीक केलंत. ऑडिबलची मात्र घाई झाली. वाऱ्याच्या आवाजात ते ऐकू येईलच असं नाही, आणि बॅटरी कधीही दगा देते. उंची मनगटावरच्या अल्टिमीटरवरच बघायची. ते वाजेल म्हणून वाट बघत पडत राहायचं नाही. तुमच्या इन्स्ट्रक्टरला विचारूनच चालू करा.

झेपावणारी:
विचारलंय सर. पहिल्या काही उड्यांना ते बंद ठेवूनच न्यायला सांगितलंय.

जुना_खोंड:
बंद यंत्र डोक्यात घेऊन उडी! चालू द्या.

हवेत_उशिरा:
सगळं वाचलं नाही, पण फुल-फेसच घ्या. आणि राजे, ते ५८ साइझचं अजून आहे का? मेसेज केलाय.