बॉम जेझूसच्या तांबड्या भिंतींवर पुन्हा चुन्याचा गिलावा चढवावा का?

धागालेखक
जुने गोवे एका दिवसात पायी पाहणाऱ्याच्या नजरेत एक विसंगती लगेच भरते. रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल पांढरेशुभ्र उभे आहे आणि समोरची बॉम जेझूस बासिलिका मात्र उघड्या जांभ्याची, तांबडी आहे. अनेकांना ही तांबडी भिंतच अस्सल वाटते. प्रत्यक्षात १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू जवळजवळ साडेतीनशे वर्षे गिलाव्याखाली सुरक्षित होती. तो गिलावा १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, उतरवण्यात आला आणि तेव्हापासून गोव्याचा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस दरवर्षी थेट चिऱ्यांवर कोसळतो आहे.

जांभा सच्छिद्र असतो. भिंतीजवळ जाऊन पाहिले, तर चिऱ्यातली मऊ पिवळसर माती धुऊन गेल्यामुळे पडलेली भोके दिसतात आणि बोट फिरवले की तांबडी पूड हाताला लागते. आतमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष, १६३७ च्या सुमाराची चांदीची पेटी आणि टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेले संगमरवरी स्मारक आहे, शिवाय तेथे आजही नित्य प्रार्थना होते. म्हणून पारंपरिक चुन्याचा गिलावा पुन्हा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बासिलिकेच्या रेक्टरांनीही (प्रमुख धर्मगुरूंनीही) २०२० मध्ये छप्पर आणि गिलाव्याचा प्रश्न जाहीरपणे मांडला होता.

पणजीकर
आपली तळमळ समजते, पण मी सहमत नाही. गोव्याच्या किमान तीन पिढ्यांनी बासिलिका तांबडीच पाहिली आहे. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याची चर्चे आणि कॉन्व्हेंट (ख्रिस्ती मठ) जागतिक वारसा यादीत घेतली, तेव्हाही ती तांबडीच होती. गिलावा उतरवणे ही चूक असेलही, पण आता ती चूक त्या वास्तूच्या इतिहासाचा भाग झाली आहे. मूळ रूप म्हणून आपण जे चढवणार, ते एकविसाव्या शतकातील कारागिरांचे काम असेल आणि पाहणारा त्यालाच सोळाव्या शतकातील मानून पुढे जाईल. मला ही फसवणूक वाटते.

वसईकर
पणजीकरांनी एका गोष्टीचा विचार करावा. दर्शनी भागावरील कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे, तो बेसॉल्ट वसईहून समुद्रमार्गे आणला गेला होता. एवढ्या लांबून काळा पाषाण आणणाऱ्यांना तो फिकट गिलाव्यावर उठून दिसावा असे वाटले असणार, असे मी मानतो. आज तांबड्यावर काळे असल्यामुळे ते स्तंभ आणि पट्ट्या दुरून एकमेकांत मिसळतात. रचनाकाराचा हेतू झाकून ठेवणे म्हणजे इतिहासाचा आदर नव्हे.

पणजीकर
हेतूबद्दलचा तर्क मला मान्य आहे, तो पुरावा म्हणून मात्र मान्य नाही. शिवाय हाच न्याय लावायचा, तर पलीकडच्या टेकडीवरील सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यालाही गिलावा द्यावा लागेल.

धागालेखक
तो न्याय तेथे लागू होत नाही, आणि माझ्या मते एका दिवसाच्या फेरीत हाच फरक नीट पाहण्यासारखा आहे. सेंट ऑगस्टीनचे चर्च १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्यावर ओस पडले, १८४२ मध्ये त्याची कमान-छत कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला आणि १९३८ पर्यंत मनोऱ्याचाही काही भाग ढासळला. तेथे उरले ते भग्नावशेष, आणि त्यांचे मोल भग्नावशेष म्हणूनच आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष त्याच ढिगाऱ्यात सापडले, डीएनए तपासणीने त्यांना दुजोरा मिळाला आणि २०२१ मध्ये ते जॉर्जियाला देण्यात आले. तो मनोरा आहे तसा टिकवावा, कोणी तो पुन्हा बांधू नये. बासिलिका मात्र छताखालची, वापरातली वास्तू आहे. तिला अवशेषासारखे उघडे ठेवणे म्हणजे तिला हळूहळू अवशेष होऊ देणे.

स्थापत्य अभियंता
दोन्ही बाजूंचे सर्व लक्ष भिंतीच्या रंगावर आहे, याची मला काळजी वाटते. जुन्या इमारतीत पाणी प्रथम वरून शिरते: सरकलेली कौले, तुंबलेली पन्हळ, भिंतीच्या माथ्यावरील भेगा. खालून जमिनीची ओल चढते ती वेगळीच. छप्पर गळत असताना बाहेरून गिलावा केला, तर आत शिरलेले पाणी गिलाव्यामागे साचेल आणि पापुद्रे सुटतील. त्यात कोणी घाईने सिमेंट वापरले, तर भिंतीचा श्वासच कोंडेल आणि चिरे आतून भुसभुशीत होतील. चुनासुद्धा नीट भिजवून, मुरवून, पातळ थरांत आणि पावसाळ्यानंतरच लावावा लागतो. दर काही वर्षांनी त्याची डागडुजी करण्याची तयारी नसेल, तर हे काम हाती घेऊच नये.

धागालेखक
आधी छप्पर, हे मला पूर्णपणे मान्य आहे. त्यानंतर उत्तरेकडील, आधारभिंतींच्या बाजूचा एक मर्यादित पट्टा चुन्याने करावा, शेजारचा तितकाच पट्टा उघडा ठेवावा आणि काही पावसाळे दोन्हींतील ओलाव्याची मोजणी जाहीर करावी.

पणजीकर
अशा चाचणीला माझा विरोध नाही, मात्र दर्शनी भागाला त्या काळात हात लागू नये आणि मोजणीचे आकडे मराठी व कोकणीतही उपलब्ध असावेत. उघड्या पट्ट्यातील झीज खरोखर जास्त निघाली, तर बाजूच्या भिंतींपुरता गिलावा मी मान्य करीन. दर्शनी भागाबाबत माझे मत तरीही आजचेच राहील.