काठावरचे बहुमत आणि अमेरिकेचा अर्थसंकल्प: सत्ता नेमकी कोणाच्या हाती असते?

जिज्ञासू वाचक (प्रश्न)

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा आहेत. रिपब्लिकन पक्षाने २०२२ च्या निवडणुकीत २२२ आणि २०२४ मध्ये २२० जागा जिंकल्या, म्हणजे दोन्ही वेळा २१८ चा आकडा त्यांनी ओलांडला. तरीही ३० सप्टेंबर २०२३ रोजी सरकारी खर्च दीड महिना चालू ठेवणारा साधा ठराव मंजूर करून घेण्यासाठी सभापती केविन मॅकार्थी यांना विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतांचा आधार घ्यावा लागला, आणि ३ ऑक्टोबरला त्यांचे पदच गेले. बहुमत निसटते असले की विरोधकांचे बळ वाढते, असे आपण सहसा मानतो. पण इथे सभापतींची कोंडी त्यांच्याच पक्षातल्या मूठभर सदस्यांनी केलेली दिसते. हे कसे घडते? आणि खर्चाचे विधेयक अडले तर सरकार पायउतार व्हावे, असा सरळ नियम तिथे का नाही?

कायद्याचा विद्यार्थी

तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. २१८ पेक्षा चारच मते जास्त असतील आणि विरोधक एकसंध राहिले, तर सत्ताधारी पक्षातल्या पाच जणांचा कोणताही गट सगळे कामकाज रोखू शकतो. विरोधकांना त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

मॅकार्थी यांच्या बाबतीत ही कोंडी पहिल्याच आठवड्यात झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये पंधराव्या फेरीत ते निवडून आले, आणि त्यासाठी त्यांनी दिलेल्या सवलतींपैकी एक अशी होती की सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव कोणताही एक सदस्य मांडू शकेल. पुढे मे महिन्यात कर्जमर्यादेचा (सरकारने एकूण किती कर्ज काढावे या कायदेशीर मर्यादेचा) प्रश्न टोकाला गेला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्याशी तडजोड करून ठरलेले विधेयक ३१४ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाले. त्यात बाजूने मतदान करणारे डेमोक्रॅट १६५ होते आणि रिपब्लिकन १४९. ज्या पक्षाचा सभापती, त्याच पक्षाची मते कमी पडली, ही गोष्ट कट्टर गटाने विसरली नाही. सप्टेंबरअखेरीच्या ठरावाला २०९ डेमोक्रॅट आणि १२६ रिपब्लिकन सदस्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा त्या गटाचा संयम संपला. २१६ विरुद्ध २१० मतांनी मॅकार्थी पायउतार झाले. त्यांच्या विरोधात गेलेले स्वपक्षीय केवळ आठ होते, बाकीची मते डेमोक्रॅटांची.

एक बारकावा बातम्यांत क्वचितच येतो. बहुतेक महत्त्वाच्या विधेयकांवर चर्चा सुरू होण्यापूर्वी चर्चेच्या अटी ठरवणारा एक ठराव संमत व्हावा लागतो, आणि विरोधकांनी त्याविरुद्ध मत द्यायचे ही तिथली रूढी आहे. म्हणून त्या पायरीवर सत्ताधारी गटातले काही जण फुटले की विधेयक सभागृहासमोर येतच नाही. जून २०२३ मध्ये असा ठराव फेटाळला गेला. २००२ नंतर तसे प्रथमच घडले होते. यावर उपाय म्हणून नियम स्थगित करून विधेयक आणता येते, पण मग दोन तृतीयांश मते लागतात, आणि ती विरोधकांखेरीज मिळत नाहीत. सप्टेंबरचा ठराव याच मार्गाने आला होता.

जुना वाचक

वरील विवेचन प्रतिनिधीगृहापुरते बरोबर आहे, पण सगळा दोष निसटत्या बहुमतावर टाकणे मला मान्य नाही. त्या सभागृहात तीस जागांचे आधिक्य असते, तरी वार्षिक खर्चाच्या विधेयकांना सिनेटमध्ये (शंभर सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहात) चर्चा थांबवण्यासाठी ६० मते लागलीच असती. दरवर्षी अशी बारा विधेयके १ ऑक्टोबरपूर्वी मंजूर व्हावीत अशी अपेक्षा असते. १९७७ पासून ती फक्त चार वर्षांत पूर्ण झाली, आणि या काळात कित्येक वेळा बहुमत भक्कम होते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी: संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प नामंजूर होणे म्हणजे सरकारवरील अविश्वास. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची चार वर्षांची मुदत कायदेमंडळाच्या विश्वासावर अवलंबून नाही. त्यामुळे मतदानाने सरकार पडत नाही, नुसते थांबते. तेही पूर्वी थांबत नसे. मंजुरीत खंड पडला तरी बहुतेक खाती काम चालू ठेवत आणि नंतर पैसे मिळत. १९८० मध्ये महाधिवक्ता बेंजामिन सिव्हिलेटी यांनी असे मत दिले की मंजुरीशिवाय खर्च करण्यास बंदी घालणारा एकोणिसाव्या शतकातला कायदा अक्षरशः पाळला पाहिजे, आणि तेव्हापासून मुदत संपताच कचेऱ्यांना टाळे लागू लागले. एका कायदेशीर अभिप्रायाने अडवणुकीला एवढी धार दिली, आणि तिची झळ पगारावर जगणाऱ्या कर्मचाऱ्यांना बसते, हे मला फार गंभीर वाटते. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा सरकारी बंद (शटडाऊन) सीमेवरच्या भिंतीसाठी मागितलेल्या ५.७ अब्ज डॉलरवरून झाला. कायदेमंडळाच्याच (तिथल्या काँग्रेसच्या) अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार त्यातून अर्थव्यवस्थेचे सुमारे ३ अब्ज डॉलर कायमचे बुडाले.

जिज्ञासू वाचक

दोघांचेही आभार. पण मग २०२५ मध्ये कर आणि खर्चाचे प्रचंड विधेयक जुलैमध्ये एकाच पक्षाच्या मतांवर संमत झाले आणि ऑक्टोबरमध्ये तोच पक्ष सरकार चालू ठेवू शकला नाही, हे कसे?

कायद्याचा विद्यार्थी

कारण दोन्हींचे मार्ग वेगळे होते. १९७४ च्या कायद्याने 'रिकन्सिलिएशन' नावाची प्रक्रिया आणली; तिच्यात सिनेटमध्ये साधे बहुमत पुरते, मात्र विधेयकातील तरतुदी कर, खर्च किंवा कर्जमर्यादेशी निगडित असाव्या लागतात. जुलैमधले विधेयक या मार्गाने गेले. मे महिन्यात प्रतिनिधीगृहाने ते २१५ विरुद्ध २१४ मतांनी पुढे पाठवले, सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाल्यावर उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने ते तरले, आणि अखेरीस २१८ विरुद्ध २१४ ने संमत झाले.

इतक्या कमी अंतरामुळे प्रत्येक मताची किंमत वाढली, आणि ती वसूल करणारे केवळ कट्टरपंथी नव्हते. न्यू यॉर्कसारख्या जास्त कर असलेल्या राज्यांतल्या मवाळ रिपब्लिकनांनी राज्य व स्थानिक करांच्या वजावटीची कमाल मर्यादा १०,००० डॉलरवरून ४०,००० करून घेतली. सिनेटमध्ये अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांचे मत निर्णायक ठरताच त्या राज्याला उपयोगी पडणाऱ्या तरतुदी विधेयकात आल्या. माझ्या मते ही पद्धत शटडाऊनइतकीच विचार करण्याजोगी आहे, कारण इथे काहीच बंद पडत नाही आणि बोजा मात्र वाढतो. याच विधेयकामुळे दहा वर्षांत तूट सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा अंदाज अर्थसंकल्प कार्यालयाने मांडला.

वार्षिक खर्चाला मात्र हा मार्ग वापरला जात नाही. ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकनांकडे सिनेटमध्ये ५३ मते होती आणि हवी होती ६०. आरोग्यविम्याच्या वाढीव अनुदानाची मुदत वाढवावी, ही डेमोक्रॅटांची मागणी होती. बंद ४३ दिवस चालला. डेमोक्रॅट गटातल्या आठ सदस्यांनी साथ दिल्यावरच ६० विरुद्ध ४० मतांनी मार्ग निघाला, आणि मुदतवाढ त्या तडजोडीत नव्हतीच. मिळाले ते डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये त्यावर मतदान घेण्याचे आश्वासन.